नावातले तळे

बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. बाळ बिचारे झोपलेले असते. त्या नावात त्याचे स्वतःचे असे काहीच नसते. असते ते सारे आईबापांच्या मनातले. ‘रुडयार्ड’ हे नाव ऐकले की मला हे हटकून आठवते.

हे नाव इंग्रजांतही विरळाच. आपल्याला ते ठाऊक झाले ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या किपलिंगमुळे. त्याच्या साम्राज्याभिमानाशी माझे कधी जमले नाही. पण त्याच्या नावाशी मात्र जमले.

रुडयार्ड हे मुळात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरातील एक खेडे. जुन्या इंग्रजीत ‘रूडे’ म्हणजे आपले सताप आणि ‘गेआर्ड’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. तेव्हा नावाचा अर्थ बहुधा ‘सतापाची वाडी’ असा. सताप, म्हणजे आजीबाईच्या बटव्यातले ते उग्र वासाचे, कडू पानांचे झुडूप! गावाजवळ एक तळे आहे. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले. या तळ्याकाठी १८६३ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि ॲलिस मॅक्डोनल्ड यांची भेट झाली. १८६५ मध्ये लग्न करून दोघे मुंबईला आली, लॉकवुड जे. जे. कलाशाळेत शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पे त्याचीच. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुलगा झाला. घराण्याच्या रीतीप्रमाणे पहिले नाव जोसेफ ठेवले, आणि त्याला त्या तळ्याचे नाव जोडले.

आपल्याकडे गावावरून आडनाव पडते. पण काशी, मथुरा, द्वारका ही नावे आपण मुलींनाही देतो. हाक मारता मारता पदरी पुण्य पडावे म्हणून. माझ्या आजीचे नावही एका तीर्थाचेच होते. ते तीर्थ तिने जन्मात पाहिले नाही. किपलिंग दांपत्याचे तीर्थ म्हणजे ते तळे. मुंबईच्या उकाड्यात ‘रुडी’ अशी हाक मारताना त्यांना त्या पाण्याचा गारवा लागत असेल.

पण आईबापांचे सुख नावातून मुलाला मिळतेच असे नाही. १८७१ मध्ये, सहा वर्षेही पुरी झाली नसताना, रुडयार्डला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडात परक्या घरी ठेवून आईबाप मुंबईला परतली. हिंदुस्थानातली इंग्रज कुटुंबे तेव्हा असेच करीत. पाच वर्षांहून अधिक काळ मुलांना आई दिसली नाही. त्या घरातला छळ किपलिंग म्हातारपणीही विसरला नाही. इतक्या मायेने दिलेले नाव, आणि हाक मारायला माया करणारे कोणी नाही! नावातली सतापाची कडू पाने तेवढी वाट्याला आली.

पुढे तो मोठा लेखक झाला, १९०७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका गावाला त्याच्यावरून रुडयार्ड म्हणू लागले. गावाचे नाव माणसाला आणि माणसाचे पुन्हा गावाला, असा हा प्रवास.

स्वतःच्या मुलांना मात्र त्याने ते दिले नाही. थोरली मुलगी जोसेफीन, मुलगा पुन्हा घराण्यातला जॉन. जोसेफीन सहा वर्षांची होऊन १८९९ मध्ये गेली. जॉन १९१५ मध्ये, अठराव्या वर्षी, लूसच्या लढाईत पडला. मुलांची नावे हाक मारण्यासाठी ठेवायची असतात. या बापाला ती नुसतीच आठवत बसावे लागले.