टाकीवरचे पोपडे

बाबांच्या मोटारसायकलच्या टाकीला झाकणाभोवती पोपडे धरलेत. पेट्रोल ओघळून रंग सैल होतो, मग रत्नागिरीची खारी हवा आत शिरते. आज नखाने एक पोपडा काढला, खाली गंज. वरून नुसता रंग फासला असता, तर पुन्हा फुगला असता. म्हणून 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढून पत्रा उघडा केला. मग 400 नंबरने कडा इतक्या घासल्या, की बोटाला पायरी लागेना. थिनरच्या फडक्याने पुसून प्रायमरचे दोन पातळ हात दिले. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, त्यामुळे पुढचं काम कडक ऊन पडल्यावरच.

टाकीच्या दोन्ही बाजूंना बाबांच्या गुडघ्यांनी रंग झिजलाय. तिथे मी पेपर लावला नाही.