लपवलेली गोळी
आमच्या कोल्हापुरात फिट आलेल्या पोरीला आधी चप्पल हुंगवतात आणि निकाहाच्या बोलणीत आजारच लपवतात. माझ्या बहिणीचंही तसंच ठरत होतं. मी अब्बांना म्हटलं, दुवा करूच, पण आधी डॉक्टर. ती सोडियम व्हॅल्प्रोएट घ्यायची. गर्भारपणात हे औषध चालू राहिलं, तर 100 पैकी सुमारे 10 बाळांत जन्मजात व्यंग आणि 30 ते 40 मुलांत बौद्धिक वाढीच्या अडचणी दिसतात. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटॅम त्या मानाने सुरक्षित. पण बदल दिवस राहण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मनाने गोळी बंद केली, तर फिट जिवावर बेतू शकते. सासरी चोरून खाल्लेली गोळी नेमकी अशीच बंद पडते. म्हणून आम्ही सांगूनच टाकलं. एक स्थळ मोडलं. दुसऱ्यांनी एवढंच विचारलं, "गोळ्या वेळेवर घेते ना?"