कुपाटी

आमच्या परड्याच्या कुपाटीला दोन-दोन इंचांची गोल भोकं आहेत. प्रेसवर पत्र्यातून चकत्या छापून घेतल्या की मागं जी लांब पट्टी उरते, तिची ही कुपाटी. शिरोली एमआयडीसीत अशा पट्ट्या भंगारवाल्याकडं किलोवर मिळतात. चार पट्ट्या आडव्या, मधे मोडक्या अँगलचे खांब, बांधायला बाइंडिंग तार. कोंबडी तिथं थांबते, कुत्रं थांबतं, शेजारची शेळी बराच वेळ विचार करते. फक्त अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू भोकातून सरळ आत येतं. पहिले दोन-तीन आठवडे सगळं परडं त्याचं. मग एका सकाळी डोकं आत जातं, बूड अडकतं, आणि त्या दिवसापासून ते बाहेरचं.

कुपाटी हा शब्द मी आजोळहून आणला. भुदरगड तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथं कुपाटी म्हणजे चिल्हारीच्या आणि बाभळीच्या फांद्या एकात एक गुंतवून रचलेली काटेरी भिंत. दरवर्षी ती वाळून खाली बसायची, थोडी चुलीत जायची, आणि पावसाच्या तोंडावर आजी ती नव्यानं रचायची. पाटीभर काटे पायाशी ठेवून ती फांद्या अशा दाबायची, की हाताला एक ओरखडा नाही. आम्ही नुसतं जवळून गेलो तरी चड्डी फाटायची.

कोंबड्या घेवड्याच्या वैरी, हे मी तिथंच शिकलो. बी रुजून दोन पानं वर आली की कोंबडी नेमकी तीच ओळ उकरते. तिला घेवडा नको असतो, हलवलेल्या मातीतले किडे हवे असतात. पण जीव जातो घेवड्याचा. आजीचा हिशेब साधा होता. वेल वीतभर होईपर्यंत कोंबड्या डालग्याखाली, नंतर मोकळ्या. मात्र वळवाचे एक-दोन पाऊस झाले, की ती स्वतःच कुपाटीचं तोंड उघडायची. त्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगे जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर जातात, मग परत मातीत येऊन अंडी घालतात. त्यातली पांढरी अळी मुळं कुरतडते. ऊसवाल्यांना विचारा तिचं दुखणं. आजी कुदळीनं माती उलटी करत पुढं जायची आणि कोंबड्या तिच्या टाचांना चिकटून मागं. "सोड त्यास्नी आत," मला म्हणायची. "मी हाय की, बघतो मी." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.

म्हणजे कुपाटी कायमची बंद नसते. हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

१९८९ ला आयटीआय करून मी शिरोलीत एका फौंड्रीत मोल्डर म्हणून लागलो. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला भाड्याची खोली, खोलीमागं चार वाफ्यांपुरती जागा. माती कसली, भराव होता. मी कामावरून येताना सायकलवर जळकी वाळू आणून टाकू लागलो. काळी दिसते, काळी म्हणजे सुपीक, एवढंच माझं शेतीशास्त्र. त्यात मेथी उगवली ती पिवळी, आणि पाणी घातलं की वर कवच धरायचं. काळा रंग कोळशाच्या भुकटीचा, चिकटपणा बेंटोनाइटचा. झाडाला खायला त्यात काही नाही. कोअरच्या वाळूत तर रेझिन असतं. शॉपमधल्या एका वडीलधाऱ्या मिस्त्रींनी मला चांगलंच झापलं, "ती पोटात घालणार हाईस व्हय?" सगळी उपसून पायवाटेला टाकली.

पण एक गोष्ट मला वाळूनंच शिकवली. साचा करण्याआधी मोल्डर वाळू मुठीत दाबतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले आणि गोळा मधून मोडला तर कडा स्वच्छ राहिली, म्हणजे ओल बरोबर. जास्त ओली असेल तर हाताला चिकटते आणि लोखंड ओतल्यावर वाफेनं जॉबला भोकं पडतात. कोरडी असेल तर साचा ढासळतो. एका रविवारी परड्यात टोकण करताना मी नकळत तशीच मूठ दाबली आणि आजी आठवली. वाफसा बघताना ती हेच करायची. दिवसाला शंभर वेळा जे पोटासाठी करत होतो, ते तिच्याकडून मी आधीच शिकलेलो होतो.

टिप्या आला तो फौंड्रीच्या गेटवरनं. सेकंड शिफ्टवाल्यांच्या डब्यावर वाढलेला, एका कानावर भाजल्याचा डाग. आपल्या भागात कारवानी, मुधोळ पाळणाऱ्या हौशी माणसांचा तोटा नाही. टिप्या कुठल्याच जातीचा नव्हता. मी त्याला राखणीला ठेवला. घुशी आणि मोकाट डुकरं वाफे उलथून टाकत होती, ती महिन्याभरात बंद झाली. मी खूष. मग एका सकाळी काकडीच्या वेलावर नुसते देठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बायकोनं मला हलवून उठवलं आणि खिडकीतून दाखवलं. टिप्या पुढच्या पायात काकडी धरून, डोळे मिटून, कराकरा खात होता. "कुंपणच शेत खातंय," ती म्हणाली, आणि दोघंही हसत बसलो. दुसऱ्यांना नावं ठेवताना आजवर ही म्हण वापरली होती. ती अशी खरी होताना बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्याच्यावर हसलो, ते फार दिवस टिकलं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून वांग्याला एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा मिसळून दिला. कुत्र्याच्या नाकाला हाडाचा वास म्हणजे पंगतीचं आवतण. रात्रीत त्यानं दोन आळी उकरून खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी उलट्या, संध्याकाळी रक्ताची हगवण. एरंडीच्या बियांत विष असतं, तेल काढून झालं तरी ते पेंडीत उरतं, हे मला डॉक्टरांच्या टेबलापाशी कळलं. चार दिवस सलाइन. पिशवी मी धरून उभा, कारण टांगायला खिळा नव्हता. वाचला, पण पुढं कधीच पहिल्यासारखा भरला नाही. पोत्यावर बैलाचं चित्र होतं, धोक्याचा शब्द कुठं नव्हता. खरं तर मी वाचायला तरी कुठं गेलो होतो. तेव्हापासून आमच्याकडं निंबोळी पेंड आणि कुजलेलं शेणखत. कांद्याची पात कापली की तिचे तुकडे कुत्र्याच्या तोंडी लागेल असे टाकायचे नाहीत, हाही नियम तेव्हाच आला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. कोंबड्यांची विष्ठा मात्र ताजी टाकत नाही, झाडं करपतात. सहा महिने खड्ड्यात मुरवायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, दोन्हीकडं ट्रकांच्या रांगा. गावाचं नावच शिरोली पुलाची. पुलानं कोल्हापूरशी बांधलेलं गाव आठवडाभर तुटलं. आमचा भाग उंचावर, म्हणून खालच्या अंगाची माणसं वर आली, आणि त्यांच्याबरोबर दोन शेळ्या, एक पाडी, डालगंभर कोंबड्या. बांधायला जागा नाही. मी कुपाटीच्या तारा सोडल्या, पट्ट्या उचलल्या आणि शेडच्या भिंतीला लावून जनावरांचा आडोसा केला.

पहिल्या दिवशी दोडके, कारली, भेंडी उतरवून सगळ्या चुली मिळून वाटून घेतली. आळू होतं म्हणून दोनदा फतफतं झालं. तिसऱ्या दिवशी पाडी सुटली. उरलेला दोडक्याचा मांडव तिनं बुडापासून खाल्ला, घेवड्याचं पान ठेवलं नाही. टिप्या तोवर म्हातारा झालेला, दारात आडवा पडून बघत होता, उठला नाही. मीही उठलो नाही. पाऊस एवढा होता की उठून करायचं काय, हेच समजेना.

पाणी ओसरलं, माणसं गेली. मागं उरल्या लेंड्या, चार पाट्या भरतील एवढ्या. त्या वर्षीच्या थंडीत जी वांगी आली, तशी ना आधी आली ना नंतर. टिप्या त्याच थंडीत गेला. वांग्याच्या कडेला, शेवग्याखाली आहे.

आता निवृत्त आहे. सध्याची कुत्री नसबंदी झालेली, एका कानाचं टोक कापलेलं, काकडीला तोंड लावत नाही. तिला टोमॅटो आवडतो. थाळीत मी कोंबड्यांना कणी टाकतो, तेव्हा ती शेजारी बसून राहते.

परवा एक पिल्लू भोकात अडकलं. दोन दिवस आधीपर्यंत सहज जात होतं, अंगानं भरलं ते त्याला कळलं नसावं. कोंबडी बाहेरून बोंबलतेय, कुत्री आतून नाकानं ढकलतेय. पक्कड आणून तार सोडली, पट्टी वाकवली, पिल्लू काढलं. पट्टी काही परत सरळ होईना. तेवढ्या जागी आता तळहाताएवढी फट आहे, आणि शेजारच्या शेळीनं ती पाहिलीय.