कुंभारीच्या माळावर कॅमेरा

सोलापूर शहर मागे टाकून अक्कलकोटच्या वाटेला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी येते. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या येथे क्वचितच थांबतात. नजर अडवील असा डोंगर येथे नाही आणि घाटही नाही. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस, तोही लहरी. काळ्या जमिनीत तूर आणि रब्बीची ज्वारी; जेथे माती उथळ होऊन मुरूम उघडा पडतो तेथे कुसळी गवत, तरवड, बोर, बाभूळ. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद ‘पोटखराब’ अशी होते. व्यापारी माणसालाही तो शब्द पटतो, कारण त्या जमिनीतून आडतीवर काहीच येत नाही.

निसर्ग-छायाचित्रांच्या प्रदर्शनांतही असा माळ फारसा दिसत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्या निमित्ताने महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत हौशी छायाचित्रकार एकत्र येऊन आपली चित्रे मांडतात. भिंतींवर ताडोब्याचा वाघ असतो, सह्याद्रीतला धबधबा असतो, कासच्या पठारावरची फुले आणि उजनीचे रोहित पक्षी असतात. अनेकांनी मिळून भरवलेल्या प्रदर्शनाचे खरे बळ असे की एकाच भूमीकडे दहा डोळ्यांनी पाहता येते. मात्र दहाही जण एकाच पाणवठ्याशी, एकाच जीपमध्ये बसलेले असतील, तर चौकटी दहा आणि चित्र एकच, असा प्रकार होतो.

कुंभारीसारख्या माळाचे प्रदर्शन मांडायचे तर ही सवय मोडावी लागेल. डोंगराचे चित्र उभ्याने घेता येते. माळाचे चित्र घ्यायला जमिनीवर आडवे व्हावे लागते. मग गवताच्या काडीएवढ्या उंचीवरून क्षितिज दिसते आणि रिकामे वाटणारे रान भरलेले आहे हे कळते. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी सोलापूरच्या माळांवर गवताला घासून गेल्यासारखे उडतात आणि सांजेला त्याच गवतात उतरून रात्र काढतात. उन्हाळ्यात धाविक पक्षी मुरमाच्या रंगाचा होऊन पळत असतो. थांबला की नाहीसा होतो. चंडोल गात गात सरळ वर चढतो. कोठे खोकड, कोठे काळवीट. पावसाळा सरता सरता कुसळी तांबूस होते, तेव्हा चार दिवस सगळा माळ उन्हात तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो.

हा माळ निरुपयोगी नाही याचा दाखला शहराच्या दुसऱ्या अंगाला, बार्शीच्या वाटेवर नान्नज येथे आहे. तेथील गवताळ रानासाठी 1979 साली माळढोक पक्ष्याचे अभयारण्य जाहीर झाले. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके भारी थोडेच. मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज हा पक्षी देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजचे दर्शन आता नशिबाचा भाग झाला आहे. येथे एक गोष्ट दानशूर कुटुंबांनी ऐकून ठेवावी अशी आहे. वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ झाडे लावणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु गवताळ माळावर दाटीने लावलेले गिरिपुष्प माळढोकाला अडचणीचे ठरले, कारण त्याला दूरवर मोकळे दिसणारे रान लागते. झाड लावण्यापूर्वी तेथे आधी कोण राहते हे विचारलेले बरे.

कॅमेरा बंदुकीपेक्षा निर्दोष, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि जैन घरांतून अनेक तरुण या छंदाकडे वळतात त्यामागे ही समजूत असतेच. शिकारीचे सारे कौशल्य, माग काढणे, वाट पाहणे, श्वास रोखणे, यात आहे. रक्त मात्र नाही. तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेली शिकारीची व्याख्या पाहावी. तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणेही येते. टिटवी, धाविक, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात. जवळून चित्र हवे म्हणून कोणी तासभर तेथे ठाण मांडले, तर पक्षीण अंड्यांवर परतत नाही. वरचे ऊन किंवा टपलेला कावळा उरलेले काम करतो. भोवतीची काडी चित्रात आडवी येते म्हणून उपटली, तर आडोसाही जातो. छायाचित्र देखणे होते आणि पिल्लू जन्मत नाही. अनेक स्पर्धा आता घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत, हे योग्यच आहे. प्रदर्शन मांडणाऱ्यांनीही तोच नियम दारावर लावावा.

मुनींच्या ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते, आणि चातुर्मासात तर विहारच थांबतो, कारण त्या काळात जमीन जीवांनी भरलेली असते. माळढोकाचा विणीचा मुख्य हंगामही पावसाळ्यातच येतो. ज्या महिन्यांत साधू पाऊल आवरतात, नेमक्या त्याच महिन्यांत हिरव्या माळाच्या ओढीने कॅमेरे बाहेर पडतात. ईर्यासमिती छायाचित्रकारांसाठी सांगितलेली नाही. तरीही कुंभारीच्या माळावर ती शब्दशः लागू पडते.

सत्याचा प्रश्नही याच कलेत उभा राहतो. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या प्रसिद्ध स्पर्धेत 2009 साली कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च मान मिळाला होता. तो लांडगा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष निघाला आणि 2010 च्या जानेवारीत तो मान काढून घेण्यात आला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. सोलापूरच्या माळावर खरा लांडगा अजून आहे. मेंढपाळांना तो ठाऊक आहे. त्याचे दूरचे, धूसर, धुळीत अर्धे बुडालेले चित्र भिंतीवर लागले तर पाहणारा पुढे सरकेल, हे खरे. पण ते चित्र खरे असेल.

आणि एक गोष्ट चौकटीबाहेर ठेवणे कुंभारीत शक्यच नाही. येथील मोकळ्या जमिनीवर गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरे उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. नंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. 19 जानेवारी 2024 रोजी तिच्यातील पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा कुटुंबांना मिळाली. निसर्गचित्र घेणारा सहसा कॅमेरा अशा कोनात धरतो की इमारत दिसू नये. कुंभारीत तसे केले तर ते पाळीव लांडग्याच्याच जातीचे असत्य होईल. शहरातल्या कोंदट खोलीत टेंभुर्णीचे पान कातरीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःचे दार मिळाले, आणि ते याच ‘पोटखराब’ जमिनीने दिले. गवतही तिथेच होते. दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी लावावी लागतील. कोणते मोठ्या आकारात छापायचे, यावर मंडळींचे एकमत होईलच असे नाही.

संध्याकाळी अक्कलकोटहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. इमारतींच्या ओळींत दिवे लागतात, आणि त्यांच्या पलीकडे, जेथे अजून बांधकाम पोहोचलेले नाही, तेथून टिटवीची ओरड ऐकू येते. बहुधा कोणीतरी तिच्या अंड्यांच्या फार जवळ गेलेले असते.