अटॅक, गुठळी आणि अंबडचा रस्ता

आपल्याकडं कुणाला अटॅक आला की दुसऱ्या दिवशी पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "गुठळी ओढून काढली का?" काढली म्हणून वाचला, नाही काढली म्हणून गेला, असा सरळ हिशोब. यावरून नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर जातात. म्हणून जरा खोलात वाचलं.

ॲंजिओप्लास्टी करताना नसेत बारीक नळी घालून सिरिंजनं गुठळी खेचतात, ते हे काम. ऐकायला पटतंच, बोळा निघाला की पाणी वाहणार. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या एका दवाखान्यात 1071 पेशंटवर हे करून बघितलं, निकाल चांगला आला. पण 2013 मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांत 7244 पेशंट घेतले, तेव्हा महिन्याभरात दगावले ते ओढलेल्यांत 2.8 टक्के आणि न ओढलेल्यांत 3. फरक नाहीच म्हणा. 2015 च्या 10,732 पेशंटच्या अभ्यासातही जास्तीचे जीव वाचले नाहीत. उलट महिन्याभरात लकवा झालेले 0.3 च्या जागी 0.7 टक्के निघाले. तेव्हापासून सरसकट ओढू नका असंच सांगितलं जातं. गुठळी फारच मोठी असली तर आजही ओढतात, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पारानं नाही.

जीव अडकलाय तो वेळेत. तीर्थपुरीतून गाडी निघणार, उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत अंबड, मग जालना. त्याआधी ॲसिडिटी समजून सोडा पिण्यात तास गेलेला असतो, तो वेगळाच. ईसीजीत अटॅक दिसल्यापासून 120 मिनिटांत ॲंजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच दवाखान्यात आधी द्यावं आणि मग पेशंट हलवावा, असा नियम आहे. टेनेक्टेप्लेज त्याचं नाव, आपल्या पुण्यातही बनतं. शिरेतून एका दमात देता येतं. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्याला चालत नाही, म्हणून डॉक्टर समोर पाहिजेच. आणि इंजेक्शननं बरं वाटलं तरी पुढं मोठ्या दवाखान्यात जावंच लागतं.

राज्यानं 2021 मध्ये स्टेमी महाराष्ट्र प्रकल्प सुरू केला तो याच्यासाठीच. छोट्या दवाखान्यात काढलेला ईसीजी लांबच्या हृदयरोगतज्ज्ञानं लगेच वाचायचा.

तर आपल्या घनसावंगी तालुक्यात रात्री दोन वाजता ईसीजी कुठं निघतो? ते इंजेक्शन कुठल्या फ्रीजमध्ये आहे? द्यायला कोण हजर असतं? हे तीन प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सोमवारी लेखी देतोय. उत्तर आलं की इथंच टाकतो.