पांढरी खपली

लास वेगासजवळच्या तळावर गाडी लागली की नवरा विजेची केबल ओढतो आणि ती नळापाशी उकिडवी बसते. चाचणीची पट्टी पाण्यात बुडवून रंग बघायचा. इथे पाण्याचा जडपणा बहुधा सोळा ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा, आपल्या सोनाराच्या गुंजेचा विलायती चुलतभाऊ, ६४.८ मिलिग्रॅमचा. गॅलनमागे एक ग्रेन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम, सोळा ग्रेनचे झाले २७०च्या वर. भारतीय मानक २०० पर्यंत खुशीने घेतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं.

ती वाढली त्या गावात दुसरा स्रोत नव्हता.

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगाव हापसे आले, तसा त्यांच्याही गल्लीत आला. पाणी आलं, पण जड. साबणाचा फेस होईना, नुसता साका बसे. तूरडाळ दुपार झाली तरी टणक. मग आई चिमूटभर सोडा टाकायची. बंबातली पांढरी खपली खरवडायचं काम हिच्याकडे. पुढे पुण्यात रसायनशास्त्र शिकवताना उलगडा झाला: पाणी तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे चिकटतो. डाळीच्या पेक्टिनला तोच कॅल्शियम घट्ट धरून ठेवतो. पुस्तकात याला ‘दुष्फेन’ म्हणतात. आईच्या ‘जड’ची सर त्या शब्दाला कधी आली नाही.

निवृत्तीनंतर दोघं अमेरिकेत मुलाकडे आले की हिवाळ्यात त्याची मोटारहोम घेऊन नैर्ऋत्येच्या वाळवंटात फिरतात. पहिल्याच वर्षी गरम पाण्याची धार बारीक झाली. सहा गॅलनचा हीटर. त्याचं खालचं बूच काढलं, तर ओंजळभर पांढऱ्या खपल्या बाहेर. बंबातल्याच! शॉवरची जाळी तिने रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. चिंचेने घासायची सवय हाताला होती, पण इथे बुडबुडे बघत बसणंही बरं वाटलं.

आता नळ आणि गाडी यांच्यामध्ये गुडघ्याएवढा सॉफ्टनर उभा असतो. आतले रेझिनचे मणी कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. १६,००० ग्रेनचं यंत्र या पाण्याच्या हजारेक गॅलनना पुरतं. मग स्वयंपाकातलंच मीठ घालून मणी पुन्हा जागे करायचे. ते खारं पाणी मात्र वाळवंटात ओतायचं नाही, थेट सांडपाण्याच्या जोडणीत. नवऱ्याला हा सगळा सोपस्कार मुंजीपेक्षा लांबलचक वाटतो.

त्यात त्याचा रक्तदाब. शंभर मिलिग्रॅम जडपणा काढायला ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं; म्हणजे इथे लिटरमागे सव्वाशे. तिने कागदावर मांडलं आणि नियम करून टाकला: डाळ सॉफ्टनरच्या पाण्यात, गोळी आधीच भरून ठेवलेल्या कॅनमधल्या जड पाण्याबरोबर.

मागच्या फेरीत दोघं लेक मीडच्या काठावर थांबले. कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाचा हा जलाशय. लास वेगासचं बहुतेक पाणी इथलंच. पाणी उतरलेल्या कड्यांवर पांढराशुभ्र पट्टा होता, २०२२च्या उन्हाळ्यात तो दीडशे फुटांहून उंच झालेला. तीच खपली, डोंगराला बसलेली.

“अगं, याला व्हिनेगर किती लागेल?” नवऱ्याने विचारलं.

“आधी लांबी सांगा,” ती म्हणाली आणि पर्समध्ये पेन शोधू लागली.