अजगर घरी पाळायचा म्हणजे काय काय करावं लागतं?



परिसर अभ्यासात पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की मुलांची यादी ठरलेली असते. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर. आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे यादीत बैल अजून टिकून आहे. यंदा चौथीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "बाई, अजगर पाळता येतो का वो?" वर्ग हसला. पण तो गंमत म्हणून विचारत नव्हता. मोबाईलवर कुणाच्या तरी गळ्यात पिवळाधमक अजगर बघून आला होता आणि त्याला तसाच एक हवा होता.

माझ्याजवळ या प्रश्नाचं उत्तर होतं, कारण आमच्या नात्यातच एक अजगर आहे. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याची सतरा वर्षांची मुलगी गेली काही वर्षं एक बॉल पायथन सांभाळते. तिकडे त्याला रॉयल पायथन म्हणतात. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, अजगरांमध्ये अगदी लहान, साधारण तीन ते पाच फुटांचा. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून बॉल. तिनं त्याचं नाव ठेवलंय पेढा. ऑक्टोबरमध्ये तिला आठवड्याची सुट्टी होती, तेव्हा दुपारी एक वाजता व्हिडिओ कॉल लावला (तिकडे सकाळचे साडेआठ) आणि मुलांना पेढ्याचं घर दाखवलं.

मुलांना वाटलं होतं की अजगर सोफ्यावर बसलेला असेल. तसं काही नव्हतं. चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी काचेची पेटी, वर कुलूपबंद झाकण. भाची म्हणाली, "आत्या, कुलूप चोरासाठी नाही, पेढ्यासाठी आहे. बोटभर फट मिळाली तरी तो डोक्यानं ढकलून बाहेर येतो." पेटीच्या एका टोकाला तापमान ३२ अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५-२६. साप आपलं अंग आपण तापवू शकत नाही. त्याला ऊब हवी असेल तर उबेकडे सरकतो, नको असेल तर लांब जातो. एकाच तापमानाची पेटी दिली तर हा पर्यायच उरत नाही. दिव्याला थर्मोस्टॅट जोडलेला असतो, नाहीतर साप भाजतो. अंगाला चटका बसतोय हे कळून तो लगेच बाजूला होईलच असं नसतं. दोन्ही टोकांना लपायला एकेक अंधारी गुहा. खाली नारळाच्या सोडणाचा चुरा, तो ओलसर ठेवायचा, कारण हवा कोरडी झाली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावर कातीचा पापुद्रा अडकतो. आम्ही कॉल केला तेव्हा पेढ्याचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. म्हणजे कात यायची वेळ. अशा दिवसांत त्याला हात लावायचा नाही, त्याला नीट दिसत नसतं.

मग जेवण. "दूध पितो का?" हा प्रश्न आलाच. नागपंचमीनं एवढं तरी पक्कं करून ठेवलंय! साप पाणी पितो, दूध त्याचं अन्नच नाही. पेढा उंदीर खातो. तेही जिवंत नाही, गोठवलेले विकत मिळतात ते. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. आमची वहिनी माळकरी घरातली. घरच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवायला तिनं साफ नकार दिला, म्हणून गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर वेगळा आहे. उंदीर आधी वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा आणि लांब चिमट्यानं पुढे करायचा. अजगराच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला भक्ष्याची ऊब कळते. गार उंदराकडे तो बघतही नाही. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण पुरतं, आणि त्यानंतर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर येतं.

यातलं सगळ्यात अवघड काय, असं मी तिला विचारलं होतं. मला वाटलं उंदीर म्हणेल. ती म्हणाली, "न खाणं." मागच्या वर्षी पेढ्यानं ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत काहीही खाल्लं नाही. बॉल पायथन असं करतात, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. पण कुत्रा उपाशी राहिला की कण्हतो, मांजर पायात येतं. साप काहीच सांगत नाही. भाची दर रविवारी त्याला वजनकाट्यावर ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची. १३२० ग्रॅम, १३१०, १३००. सापांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे दोनदा नेऊन आणलं. पेटी बदलू नका, सारखं उचलू नका, वजन बघत राहा, एवढंच ते म्हणाले. पाच महिने ती पोरगी ज्याच्याकडून शेपूट हलवण्याइतकीही पोचपावती मिळत नाही अशा प्राण्यासाठी वही लिहीत होती. मला तर हे कुत्रा सांभाळण्यापेक्षा अवघड वाटतं.

आणि हा प्राणी नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. ती पुढच्या वर्षी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जाणार आहे. पेढा कुणाकडे राहणार यावर त्यांच्या घरात सध्या चर्चा चालू आहे. वहिनीच्या चेहऱ्यावरून उत्तर मला कळलंय. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला कुठलाही प्राणी विकता येत नाही, मोठ्या माणसालाच घ्यावा लागतो. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडचं वेगळं आहे, आणि ते मुलांना स्पष्ट सांगायला हवं. आपल्या रानातला अजगर पेढ्याहून कितीतरी मोठा, दहा-बारा फुटांचाही आढळतो. अज म्हणजे शेळी, तिला गिळणारा तो अजगर, असं नावातच आहे. हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये येतो, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तो पकडणं, घरी ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे आणि तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी जातीचा कुणी पाळला तर त्याचीही सरकारी परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्या मुलाला मी म्हटलं, "नाही रे, आपल्याला पाळता येत नाही." त्याचं तोंड एवढंसं झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. ऊसतोड सुरू झाल्यावर एके दिवशी हाच मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, दादाला फडात अजगराचं पिल्लू घावलंय. बरणीत ठेवलंय. कुणाला सांगू नका." दादाच्या मोबाईलवरचा फोटो मागवून घेतला. जाडसर, तपकिरी, दीड फुटाचं. पाठीवर मधोमध एका ओळीत काळसर कडांचे लंबगोल ठिपके, साखळीच्या कड्यांसारखे, आणि दोन्ही बाजूंना तशाच ओळी.

ती घोणस होती.

अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच दीड-दोन फुटांचं असतं. लहान घोणसही साधारण तेवढीच, तशीच जाड, तसाच रंग. म्हणून गावोगावी हा घोळ होतो. अजगराच्या अंगावरचे डाग मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि कातडी गुळगुळीत चकचकीत. घोणशीचे ठिपके आखल्यासारखे आणि अंग खरखरीत. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते आणि पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. पण हे फरक मी मुलांना ओळखून हात लावायला शिकवत नाही, हे पालकांनी कृपया लक्षात घ्यावं. फरक कळतो तो लांबून, आणि कित्येकदा मोठ्यांनाही कळत नाही.

मी दादाला फोन करून बरणीला अजिबात हात लावू नका, खोलीचं दार ओढून घ्या, एवढंच सांगितलं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं. तासाभरात सर्पमित्र आले आणि घेऊन गेले. बरणीच्या झाकणाला हवेसाठी खिळ्यानं भोकं पाडलेली होती आणि आत एक वाटी दूध ठेवलेलं होतं. म्हणजे वाटी ठेवताना कुणाचा तरी हात आत गेला होता. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

नंतर एक आई शाळेत येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही साप दाखवता म्हणून पोरं सापाच्या मागं लागतात." त्यांची भीती खोटी नाही. उसात राहणाऱ्या माणसाला ती असणारच. पण मुलगा मोबाईल बघूनच मागे लागला होता, आणि पेढ्याची पेटी, वजनाची वही बघितल्यावर बरणीबद्दल सांगायला तो माझ्याकडे आला. घरी सांगितलं तर मार बसेल म्हणून तो तिथं बोलला नव्हता. पालकहो, मूल घरी काय घेऊन येतंय हे आपल्याला कळायचं असेल, तर पहिल्या वाक्याला ओरडू नका एवढंच माझं म्हणणं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांना किती पटलं माहीत नाही, चहा मात्र घेऊन गेल्या.

आणखी एक, चावलाच तर. मांत्रिक नाही, पट्टी करकचून बांधणं नाही, जखम कापणं नाही. चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. हे आम्ही वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय.

त्या मुलानं आता भाचीसारखी वही केलीय. लांबून दिसलेला साप, तारीख, जागा आणि तो काय करत होता. सध्या चार नोंदी आहेत. धामण दोनदा, विहिरीत दिवड एकदा, आणि चौथ्या नोंदीपुढे त्यानं नाव न लिहिता प्रश्नचिन्ह काढलंय.